कोर्लईचा ठिपका आणि फोनवरचा ‘साहेब’: खोटं खरंच पकडता येतं का?

६ जुलै २०२५ ची रात्र. कोर्लईसमोरच्या समुद्रात, किनाऱ्यापासून काही सागरी मैलांवर, रडारवर एक संशयास्पद ठिपका दिसला. पाऊस धो धो, वारा जोरात, समुद्र खवळलेला. रायगड पोलीस, कोस्ट गार्ड, नौदल, बॉम्बशोधक पथक सगळे रेवदंड्याकडे धावले. जिल्ह्यात नाकाबंदी झाली. सकाळपर्यंत आमच्या इकडच्या जवळपास प्रत्येक व्हॉट्सॲप ग्रुपवर एकच वाक्य फिरत होतं: ‘पाकिस्तानी बोट घुसली.’ कुणी त्यात माणसं उतरलेली बघितली, कुणी त्यांची संख्याही सांगितली.

पुढे कळलं ते असं: ती बोट नव्हतीच. पाकिस्तानी मच्छीमार बोटीच्या जाळ्याला लावलेला, ट्रॅकर बसवलेला एक बोया होता. जाळ्यापासून सुटून तो प्रवाहाबरोबर वाहत आला होता. नाव ‘मुकद्दर बोया ९९’.

मला ही घटना आवडते, कारण यात खोटं कुणीच बोललं नाही. रडारने जे दिसलं ते दाखवलं. बोया बिचारा ‘मी अमुक, मी इथे आहे’ एवढंच सांगत होता आणि ते शंभर टक्के खरं होतं. गडबड झाली ती त्या सिग्नलचा अर्थ लावताना.

थोडं तांत्रिक सांगतो. जहाजं स्वतःची ओळख रेडिओवर प्रसारित करतात, त्या यंत्रणेला एआयएस म्हणतात. प्रत्येक ट्रान्समीटरचा एक नऊ आकडी नंबर असतो आणि त्यातल्या तीन आकड्यांवरून देश कळतो. भारताचे आकडे ४१९, पाकिस्तानचे ४६३. हल्ली मच्छीमार लांबलचक जाळी हरवू नयेत म्हणून बोयांवरही असेच छोटे ट्रान्समीटर लावतात. त्यात नाव कोणतं टाकायचं हे टाकणाऱ्याच्या हातात असतं. म्हणजे स्क्रीनवर नाव आणि देश दिसला तरी तो तीस मीटरची बोट आहे की फुटबॉलएवढा प्लास्टिकचा गोळा, हे तो ठिपका बघून सांगता येईलच असं नाही. ते बघायला कुणीतरी होडी घेऊन जावं लागतं.

‘समोरचा खोटं बोलतोय का’ हे ओळखायची जेवढी यंत्रं माणसाने बनवली, त्या सगळ्यांचा घोटाळा नेमका हाच आहे. सिग्नल खरा असतो, अर्थ आपण आपल्या मनाने लावतो.

घाम खरा, निष्कर्ष खोटा

पॉलिग्राफ घ्या. सिनेमात सुई थरथरते आणि इन्स्पेक्टर हसतो, ते यंत्र. ते मोजतं काय? रक्तदाब, नाडी, श्वास आणि त्वचेची विद्युतवाहकता, म्हणजे सोप्या भाषेत तळहाताचा घाम. ‘खोटेपणा’ नावाची कुठलीही गोष्ट ते मोजत नाही. कारण शरीरात खोटेपणाचा असा वेगळा सिग्नल अजून कुणाला सापडलेला नाही. घाम भीतीने येतो, रागाने येतो, लाजेने येतो. निरपराध माणसाला पोलीस स्टेशनात बसवून ‘तूच केलंस ना?’ विचारलं तर त्याला जितका घाम फुटेल, तितका सराईत गुन्हेगाराला फुटणारही नाही.

या यंत्राच्या जन्मात एक गमतीदार माणूस आहे. विल्यम मार्स्टन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या सुरुवातीला रक्तदाबावरून खोटं ओळखायची पद्धत मांडली. १९२३ मध्ये अमेरिकेतल्या कोर्टाने ती पुरावा म्हणून घ्यायला नकार दिला. पुढे याच मार्स्टनने ‘वंडर वुमन’ हे पात्र निर्माण केलं. तिच्याकडे एक दोर असतो, त्यात अडकलेला माणूस खरंच बोलतो! कोर्टाने जे मान्य केलं नाही ते त्याने कॉमिकमध्ये करून घेतलं असं मला नेहमी वाटतं.

२००३ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने पॉलिग्राफचा मोठा आढावा घेतला आणि सरसकट लोकांची चाळणी लावायला हे यंत्र वापरू नये असं सांगितलं. कारण समजून घेण्यासारखं आहे, म्हणून आपल्या भागातलं उदाहरण घेऊन गणित करू.

समजा मांडवा जेट्टीवर गेटवेहून येणाऱ्या १०,००० प्रवाशांना एका यंत्रासमोरून जायला लावलं. त्यात १० जण खरोखर काहीतरी लपवतायत. यंत्र ९० टक्के बरोबर आहे असं धरा (एवढं चांगलं यंत्र नाहीये, पण धरा). १० पैकी ९ लबाड पकडले जातील. छान. पण उरलेल्या ९,९९० प्रामाणिक माणसांपैकी १० टक्के, म्हणजे ९९९ जणांवरही लाल दिवा लागेल. आता जेट्टीवर १,००८ ‘संशयित’ उभे आहेत आणि त्यात खरे ९. म्हणजे लाल दिवा लागलेला माणूस निर्दोष असण्याची शक्यता ९९ टक्के! यंत्र बिघडलेलं नाहीये. खोटं बोलणारेच मुळात कमी असले की असंच होतं.

पुण्याची केस, जी प्रत्येकाला माहीत असायला हवी

हे सगळं परदेशातलं वाटत असेल तर पुण्यात या. जून २००८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने एका एमबीए विद्यार्थिनीला खुनासाठी जन्मठेप दिली. आरोप असा की तिने आपल्या आधीच्या वाग्दत्त वराला प्रसादातून आर्सेनिक दिलं. इतर पुरावे होते, पण जगभर बातमी झाली ती एका चाचणीमुळे. मुंबईत तिच्या डोक्याला इलेक्ट्रोड लावून ‘बीओएस’ नावाची चाचणी केली होती. ‘मी आर्सेनिक विकत घेतलं’ अशा अर्थाची वाक्यं तिला ऐकवायची, तिने काही बोलायचं नाही, आणि मेंदूच्या लहरींवरून सॉफ्टवेअर सांगणार की ही आठवण तिने ‘अनुभवलेली’ आहे की नुसती ऐकलेली. कोर्टाने तो निष्कर्षही विचारात घेतला.

त्याच वर्षी निम्हान्सच्या संचालकांच्या अध्यक्षतेखालच्या तज्ज्ञ समितीने ही चाचणी शास्त्रीय कसोटीवर उतरत नाही, ती पुरावा म्हणून वापरू नये, असं मत दिलं. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या शिक्षेला स्थगिती देऊन जामीन दिला.

विचार करा, ती वाक्यं तिने आधी किती वेळा ऐकली असतील? पोलिसांकडून, वकिलांकडून, पेपरात वाचून. स्वतःवरच्या आरोपाची गोष्ट शेकडो वेळा डोक्यात फिरलेल्या माणसाच्या मेंदूत ती ‘ओळखीची’ वाटणार नाही तर काय? इथेही लहरी खऱ्याच होत्या. पुन्हा तोच कोर्लईचा ठिपका.

५ मे २०१० रोजी सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की नार्को, पॉलिग्राफ आणि ब्रेन मॅपिंग या चाचण्या कुणावरही जबरदस्तीने करता येणार नाहीत. संमतीने केल्या तरी त्यातला निष्कर्ष हा थेट पुरावा नाही. त्यातून मिळालेल्या माहितीवरून पुढे एखादी वस्तू सापडली तर ती मात्र चालू शकते. जून २०२५ मध्ये बिहारच्या एका प्रकरणात कोर्टाने हेच पुन्हा सांगितलं. त्यामुळे टीव्हीवर ‘नार्को टेस्टमध्ये कबुली’ अशी पट्टी दिसली की तिची कायद्यातली किंमत किती हे तुम्हाला आता माहीत आहे. (चॅनलला ते माहीत नसतं असं नाही.)

मग डोळ्यांत बघून?

‘मला समोरच्याच्या डोळ्यांत बघून कळतं’ असं म्हणणारा एक तरी नातेवाईक तुमच्याकडे असेल. या विषयावरचा सर्वात जास्त सांगितला जाणारा अभ्यास २००६ चा, चार्ल्स बाँड आणि बेला डिपॉलो यांचा. जवळपास २५ हजार लोकांच्या निवाड्यांची आकडेवारी त्यांनी एकत्र केली. खरं-खोटं ओळखण्यात माणसं किती वेळा बरोबर येतात? ५४ टक्के. नाणं उडवलं तर ५० येतात. नुसतं खोटं पकडण्याचा आकडा तर ४७ टक्के, म्हणजे नाण्याहूनही खाली.

नजर चोरणं, पाय हलवणं, नाक खाजवणं यांचा खोटेपणाशी संबंध एकतर फार कमी किंवा नाहीच. तरी जगभर विचारलं की ‘खोटारडा माणूस कसा ओळखाल?’ तर पहिलं उत्तर येतं: नजर मिळवत नाही. आता आपल्याकडे मोठ्यांसमोर नजर खाली ठेवायला मुलांना शिकवतात. तोच मुलगा पोलिसांसमोर नजर खाली ठेवून उभा राहिला तर त्याचं काय होईल बघा.

चेहऱ्यावर क्षणभर चमकून जाणारे ‘सूक्ष्म हावभाव’ हा पॉल एकमन यांचा सिद्धांत बराच गाजला, त्यावर मालिकाही निघाली. अमेरिकेच्या विमानतळांवर हावभाव आणि वागणं बघून संशयित हेरणारे अधिकारी नेमले गेले. २००७ पासून त्यावर सुमारे ९० कोटी डॉलर खर्च झाल्यावर, २०१३ मध्ये तिथल्या सरकारी हिशेब तपासणाऱ्या संस्थेने सांगितलं की हे काम करतं याचा पुरावा नाही.

मग आपण एवढे कच्चे का? अमेरिकन संशोधक टिमथी लेव्हिन यांचं उत्तर मला पटतं. माणसाची मूळ सेटिंगच ‘समोरचा खरं बोलतोय’ अशी असते. फोनच्या भाषेत डिफॉल्ट. आणि ते शहाणपणाचंच आहे, कारण दिवसभरात आपल्याशी बोलणारे बहुतेक लोक खरंच बोलत असतात. रिक्षावाला ‘पोयनाडपर्यंतच जातो’ म्हणाला की आपण त्याचा घाम मोजत बसत नाही. प्रत्येकावर संशय घ्यायचा तर बाजारात मासळी घेणंसुद्धा अशक्य होईल. याच मंडळींनी २००२ मध्ये लोकांना विचारलं होतं, तुम्हाला कुणाचं खोटं शेवटी कळलं कसं? जवळजवळ कुणीच ‘त्याच्या चेहऱ्यावरून’ म्हणालं नाही. तिसऱ्याने सांगितलं, कागद सापडला, मेसेज दिसला, तो स्वतःच नंतर बोलला. आणि बऱ्याचदा ते दिवस-महिन्यांनी कळलं.

रायगडचा किनारा आणि खरं वाटण्याची तयारी

आता आपल्या किनाऱ्याकडे परत येतो, कारण इथे एक वेगळीच गोष्ट दिसते. इथे डिफॉल्ट उलटा आहे.

२२ सप्टेंबर २०१६ ला उरणमध्ये शाळकरी मुलांनी सांगितलं की काळ्या कपड्यांतली, शस्त्रं घेतलेली माणसं दिसली. चारच दिवसांपूर्वी उरीचा हल्ला झाला होता. शेजारी नौदलाचा तळ, पलीकडे जेएनपीटी. नौदल, एटीएस, फोर्स वन, एनएसजी, हेलिकॉप्टर सगळं उतरलं, मुंबईपर्यंत हाय अलर्ट, उरणच्या शाळा बंद, रेखाचित्र जारी. शोधात कुणी सापडलं नाही.

तेव्हा लगेच ‘पोरं खोटं बोलली’ असं म्हणणारे पुष्कळ होते. मला हे ‘खरं की खोटं’ असे दोनच खण ठेवणं चुकीचं वाटतं. मधे एक मोठा खण आहे: मनापासून सांगितलेली पण चुकलेली गोष्ट. एलिझाबेथ लॉफ्टस यांचा १९७४ चा प्रसिद्ध प्रयोग आहे. लोकांना गाड्यांच्या टकरीची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या ‘आदळल्या’ तेव्हा वेग किती होता. काहींना जास्त जोरदार शब्द वापरून विचारलं, ‘चक्काचूर झाल्या’ अशा धाटणीचा. जोरदार शब्द ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं की फुटलेली काच दिसली का? त्यांच्यातल्या जास्त जणांना काच आठवली. फिल्ममध्ये काच नव्हतीच. प्रश्न कसा विचारला यावर आठवण बदलते, आणि सांगणाऱ्याला ती पूर्ण खरी वाटते. आता टीव्हीवर चार दिवस उरी बघितलेलं मूल, त्याला एकामागून एक वर्दीतले दहा जण विचारतायत ‘बंदूक होती का? कशी होती?’ पुढचं तुम्हीच सांगा.

पण म्हणून यंत्रणेने धावायला नको होतं का? हवंच होतं. १८ ऑगस्ट २०२२ ला, दहीहंडीच्या आदल्या दिवशी, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला माणूस नसलेली बोट लागली आणि तिच्यात खरोखर तीन एके-४७ आणि काडतुसं होती. इथे ठिपका नव्हता, लोखंड होतं. तासाभरात ग्रुपवर ‘२६/११ पुन्हा’ सुरू झालं. त्याच दिवशी गृहमंत्री देवेंद्र फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं: बोटीचं नाव ‘लेडी हान’, मालकी एका ऑस्ट्रेलियन महिलेची, मस्कतहून युरोपकडे जाताना २६ जूनला इंजिन बंद पडलं, एका कोरियन युद्धनौकेने माणसांना वाचवून ओमानकडे सोपवलं, बोट समुद्रात सोडून द्यावी लागली आणि ती वाहत इकडे आली. ऐकायला ही गोष्ट एखाद्या थापेसारखी वाटते की नाही? ‘साहेब, बोट माझी नाही, वाहत आली’! पण त्यातला प्रत्येक तुकडा तपासता येत होता. नोंदणी, मदतीसाठी दिलेला संदेश, वाचवणाऱ्या जहाजाची नोंद, तारखा. ऐकायला विचित्र असणं हा खोटेपणाचा पुरावा नाही, आणि ऐकायला सरळ वाटणं हा खरेपणाचा नाही.

आपला किनारा एवढा हळवा का, हे श्रीवर्धनच्या कुठल्याही वडीलधाऱ्याला विचारा. १९९३ च्या मुंबई बॉम्बस्फोटांसाठीचा आरडीएक्स फेब्रुवारीत शेखाडीला उतरला होता. त्याआधी जानेवारीत दिघीला तस्करीचा शस्त्रसाठा उतरला, आणि तो माल नेणारे ट्रक गोंडघर फाट्याजवळ पोलिसांनी अडवलेसुद्धा होते. लाच घेऊन सोडले. त्यासाठी पुढे टाडा कोर्टात पोलिसांना शिक्षा झाल्या, कस्टम्सच्या अधिकाऱ्यांनाही झाल्या. म्हणजे त्या रात्री फसवणूक ‘ओळखता’ आली नाही असं झालंच नाही. ओळखली आणि विकली. कितीही चांगलं लाय-डिटेक्टर यंत्र त्या नाक्यावर ठेवलं असतं तरी काही फरक पडला नसता.

त्या एका वर्षाने या किनाऱ्याला शिकवलं की खोटा अलार्म परवडतो, हुकलेला अलार्म नाही. म्हणून कोर्लईच्या बोयासाठी भर पावसात पोलीस धावतात, आणि ते बरोबर आहे. फक्त हे गणित सुरक्षा यंत्रणेचं आहे. फॉरवर्ड करणाऱ्याचं नाही. ‘खात्री नाही पण पाठवून ठेवतो’ म्हणणारा नाकाबंदी करत नसतो, तो गर्दी वाढवत असतो.

फोनवरचा ‘साहेब’

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. किनाऱ्यावर संशय घ्यायला शिकलेली हीच माणसं व्हिडिओ कॉलवर वर्दी दिसली की लगेच विश्वास ठेवतात.

‘डिजिटल अरेस्ट’ हा शब्द तुम्ही ऐकलाच असेल. तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, तुमच्या आधारवर मनी लाँडरिंग झालं, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही, कुणाला सांगायचं नाही, ‘तपासणीसाठी’ पैसे या खात्यात टाका. ऑगस्ट २०२४ मध्ये वर्धमान उद्योगसमूहाचे प्रमुख एस. पी. ओस्वाल यांना अशाच प्रकारे ७ कोटींना फसवलं. त्यांच्यासाठी तर सुप्रीम कोर्टाची खोटी ऑनलाइन सुनावणी भरवली होती, सरन्यायाधीशांच्या नावाने माणूस बसवून! ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये पंतप्रधानांनी यावर सांगितलं, १ डिसेंबर २०२५ ला सुप्रीम कोर्टाने देशभरचा तपास सीबीआयकडे दिला. सर्व प्रकारच्या सायबर फसवणुकीत २०२४ या एका वर्षात देशात गेलेली रक्कम सरकारने संसदेत सांगितली: २२,८४५ कोटी रुपये. आदल्या वर्षी ती ७,४६५ कोटी होती.

मोठा उद्योजक फसतो तिथे पेणचे निवृत्त मास्तर फसले तर ‘एवढं कसं कळलं नाही?’ असं विचारू नका. कळण्याची जागाच त्यांच्यापासून काढून घेतलेली असते. वर बघितलं ना, खोटं बहुतेक वेळा तिसऱ्या माणसाकडून किंवा कागदावरून कळतं. म्हणून या टोळीचा पहिला नियम असतो ‘कुणाला सांगायचं नाही’ आणि दुसरा ‘फोन ठेवायचा नाही’. वर्दी, भिंतीवरचा अशोकस्तंभ, वायरलेसचा आवाज हे सगळं सजावट आहे. खरं हत्यार म्हणजे एकटं पाडणं. कॉल तीन तास, कधी तीन दिवस चालू ठेवतात ते उगाच नाही. भीतीत असलेला माणूस एकटा असला की समोरच्याच्या बोलण्याखेरीज त्याच्याकडे तपासायला काहीच उरत नाही.

यात ‘डीपफेक ओळखायला शिका’ हा सल्ला मला अर्धवट वाटतो. पापण्या नीट मिटतात का बघा, ओठ जुळतात का बघा. २०२४ च्या सुरुवातीला हाँगकाँगमध्ये एका कंपनीच्या कर्मचाऱ्याने व्हिडिओ मीटिंगमध्ये सहकारी बघूनच सुमारे २० कोटी हाँगकाँग डॉलर पाठवले, आणि त्या मीटिंगमधले बाकीचे चेहरे बनावट होते. पापण्या आज मिटत नसतील तर पुढच्या महिन्यात मिटतील. आणि मुळात बहुतेक डिजिटल अरेस्टमध्ये डीपफेक लागतच नाही. खरा माणूस, भाड्याची वर्दी, एवढ्यात काम होतं. चेहरा खरा आहे म्हणून गोष्ट खरी होत नाही.

त्यामुळे घरच्यांना चेहरा वाचायला शिकवू नका, रस्ता बदलायला शिकवा. म्हणजे असं: ज्या रस्त्याने माहिती आली त्याच रस्त्याने ती तपासायची नाही. फोन आला? ठेवायचा. अलिबाग पोलिसांचं नाव सांगितलं? नंबर आपण स्वतः शोधून आपण लावायचा, किंवा सरळ पोलीस स्टेशनला जायचं. त्याने दिलेल्या नंबरवर नाही. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अरेस्ट’ नावाचा प्रकारच नाही, व्हिडिओ कॉलवर कुणालाही अटक होत नाही. एवढं एक वाक्य आजीच्या फोनच्या मागे चिकटवलं तरी चालेल. पैसे गेले असतील तर १९३० वर ताबडतोब फोन, मग राष्ट्रीय सायबर क्राईम पोर्टलवर तक्रार. लाजेने दोन दिवस घालवले की पैसे दहा खात्यांतून फिरून गेलेले असतात. पहिल्या काही तासांतच ते गोठवायची संधी असते.

नागावचा व्हिला आणि ओहोटीची वेळ

थोडं हलकं, पण तुमच्या वयाच्या वाचकांना जास्त लागू पडणारं. डिसेंबर आला की किहीम, नागाव, काशीदच्या नावाने बनावट व्हिला सुरू होतात. फोटो सुंदर, दर कमी, ‘अजून दोन जण विचारतायत, ॲडव्हान्स टाका’. पोचल्यावर कळतं की व्हिला आहे, पण मालक दुसराच, त्याला काही माहीत नाही.

इथे मानसशास्त्राचं एक खरंच उपयोगी संशोधन कामी येतं. ॲल्डर्ट व्राय आणि त्यांच्यासारखे संशोधक म्हणतात की खोटं बोलणारा माणूस तपशील देतो, पण तपासता येतील असे तपशील टाळतो. आणि अपेक्षित प्रश्नांची उत्तरं त्याने पाठ केलेली असतात, अनपेक्षित प्रश्नांची नाही. म्हणून ‘एसी आहे का, स्विमिंग पूल आहे का’ विचारून काही मिळत नाही. ते त्याला पाठ आहे. विचारा, ‘शनिवारी कुलाबा किल्ल्यात चालत जाता येईल का, ओहोटी किती वाजता आहे?’ भरती-ओहोटीची वेळ तुम्ही स्वतः एका मिनिटात शोधू शकता. इथला माणूस एकतर सांगेल किंवा ‘थांबा, शेजारी विचारतो’ म्हणेल. ‘हो हो, कधीही जा’ म्हणाला तर मी तरी पैसे टाकणार नाही. तसंच, लाईव्ह व्हिडिओवर गेटपासून चालत रस्त्यावर येऊन शेजारच्या दुकानाची पाटी दाखवायला सांगा. फोटो गुगल लेन्समध्ये टाकून बघा, तोच पूल भलत्याच नावाने दिसतो का.

आणि पैसे टाकताना नाव वाचा. ३० जून २०२५ पासून एनपीसीआयच्या नियमानुसार यूपीआय ॲपने पैसे देण्याआधी समोरच्याचं बँकेत नोंदलेलं नावच दाखवायला हवं, तुम्ही फोनमध्ये सेव्ह केलेलं किंवा त्याने ठेवलेलं टोपणनाव नाही. मालक ‘पाटील’ सांगतोय आणि स्क्रीनवर भलतंच नाव आलं, तर विचारा. उत्तर बरोबरही असू शकतं, पुतण्याचं खातं असेल. पण ‘ऑफिसचा अकाउंट आहे, लवकर करा’ हे उत्तर नाही.

मग ॲप आहे का?

हा प्रश्न येणारच, म्हणून आधीच. प्ले स्टोअरवर ‘लाय डिटेक्टर’ शोधलं की ढीगभर ॲप मिळतात. अंगठा ठेवा, स्कॅन होतं, ‘खोटं!’ लिहून येतं. बहुतेकांच्या माहितीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की हे मनोरंजनासाठी आहे. मित्रांच्यात मजा म्हणून ठीक. पण ते मायक्रोफोन, कॉन्टॅक्ट वगैरे परवानग्या मागत असेल तर मजा त्यांची चालली आहे.

गंभीर प्रकार वेगळे. युरोपियन युनियनने ‘आयबॉर्डरकंट्रोल’ नावाचा प्रकल्प पैसे देऊन चालवला होता. सीमेवर येणाऱ्या प्रवाशाची स्क्रीनवरचा आभासी अधिकारी चौकशी करणार आणि एआय त्याच्या चेहऱ्यावरून खरं-खोटं ठरवणार. हंगेरी, ग्रीस आणि लाटवियात चाचण्या झाल्या, टीका भरपूर झाली, तो वापरात आला नाही. मांडवा जेट्टीचं गणित आठवा. युरोपच्या नव्या एआय कायद्यात पोलीस आणि सीमा यंत्रणांनी वापरायची पॉलिग्राफसारखी साधनं ‘जास्त जोखमीची’ या गटात टाकली आहेत.

आपल्याकडे सेल्वीचा निकाल आहे, पण तो सरकारच्या जबरदस्तीपासून वाचवतो. उद्या एखाद्या कंपनीने नोकरीच्या ऑनलाइन मुलाखतीत तुमच्या आवाजावरून, डोळ्यांच्या हालचालीवरून ‘प्रामाणिकपणाचा स्कोअर’ काढला तर? फॉर्मच्या तळाशी ‘मला मान्य आहे’ या चौकोनात टिक तुम्हीच केलेली असेल. मुलाखतीच्या लिंकवर क्लिक करण्याआधी ती टिक कशाला मान्यता देते ते वाचा, आणि असा काही उल्लेख दिसला तर एचआरला लेखी विचारा की हे सॉफ्टवेअर नक्की काय मोजतं. उत्तर काय येतं ते मला जरूर कळवा, त्यावर पुढचा लेख करायचा विचार आहे.